पुसातील बत्तीस तबकड्या

२०२५ च्या मे महिन्याच्या २० तारखेस डॉ. जयंत विष्णु नारळीकर पुण्यात निवर्तले. पुढच्याच रविवारी आमच्या मंडळात एक लहानशी शोकसभा झाली. कोल्हापुरात जन्मलेला, वडिलांच्या प्राध्यापकीमुळे काशीत वाढलेला मराठी मुलगा केंब्रिजला जाऊन जगन्मान्य शास्त्रज्ञ होतो, याचे आम्हां परप्रांतवासीयांना विशेष अगत्य असावे हे स्वाभाविकच होय. वक्ते त्यांच्या विज्ञानकथांविषयी बोलले. २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राविषयी बोलले. सभा आटोपून चहा सुरू झाला, तेव्हा एका सभासदांची अकरावीतील कन्या आमच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “काका, सगळे चांगलंच बोलले. पण आमच्या पुस्तकात तर महास्फोटच दिलाय. मग नारळीकर चुकले होते का?”

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला आणि पुढील आयुष्य केंद्र सरकारच्या फायली हाताळण्यात गेले. साहजिकच “विचार करून सांगतो” असे अस्सल सरकारी उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा हे थकलेले उत्तर देऊन टाकावे असे ठरविले. उत्तराचा माग काढीत आम्ही जेथे पोचलो ते स्थळ मात्र काशी नव्हे की केंब्रिज नव्हे. ते निघाले आमच्याच दिल्लीतील, करोल बागेच्या शेजारचे पुसा! ज्या रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षे बसने कचेरीत गेलो, त्याच रस्त्यालगतच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशी या कथेचा प्रारंभ होतो.

या प्रयोगशाळेची कोनशिला जानेवारी १९४७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बसविली गेली आणि १९५० च्या जानेवारीत सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले. सर के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक. १९५२ साली रेडिओविज्ञानाच्या जागतिक परिषदेसाठी ते ऑस्ट्रेलियात सिडनीस गेले. महायुद्धात रडारवर काम केलेले तेथील शास्त्रज्ञ आता तीच विद्या आकाशाकडे वळवून सूर्य व तारे यांच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपीत होते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापलीकडे हे एक निराळेच आकाश होते. ते पाहून कृष्णन प्रभावित झाले व असे काम आपल्याकडेही सुरू व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांच्या प्रयोगशाळेत गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण होता. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा हे त्याचे गाव आणि अलाहाबाद विद्यापीठाची एम.एस्‌सी. ही पदवी. १९५३ साली आर. पार्थसारथी या सहकाऱ्यासह कोलंबो योजनेखालील शिष्यवृत्तीवर त्याची सिडनीस रवानगी झाली. तेव्हा त्याचे वय होते अवघे २४.

सिडनीजवळ पॉट्स हिल येथे एका जलाशयाच्या काठाने क्रिस्तियान्सन या शास्त्रज्ञाने ३२ तबकड्यांची एक रांग उभारली होती. प्रत्येक तबकडीचा व्यास केवळ सहा फूट. यामागील तत्त्व समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. आकाशातील बारीक तपशील पाहावयाचा तर दुर्बीण प्रचंड हवी. पण तेवढी तबकडी बांधणे खर्चाचे व कधीकधी अशक्यच. त्याऐवजी लहान तबकड्या दूरदूर ठेवल्या आणि त्यांनी पकडलेले संकेत तारांनी एकत्र आणून नेमके जुळविले, तर सूक्ष्म तपशील ओळखण्याच्या बाबतीत तो संच त्या अंतराएवढ्या दुर्बिणीसारखा वागतो. एकेकटी तबकडी दुबळी. रांगेत सांधलेल्या तबकड्या मात्र समर्थ. स्वरूप व पार्थसारथी यांनी याच रांगेवर काम केले व तिला निराळ्या तरंगलांबीवर चालण्याजोगी केले.

लवकरच सिडनीकरांनी अधिक मोठा संच उभारण्याचे ठरविले आणि ही रांग मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हा स्वरूप यांनी धीर करून विचारले, की या तबकड्या भारताला मिळतील काय? यजमानांनी उदार मनाने होकार दिला. कृष्णन यांनीही संमती कळविली. १९५५ मध्ये स्वरूप पुसास परतले, ते तबकड्या मागाहून येतील या भरवशावर.

येथे आमच्या परिचयाचा प्रांत सुरू होतो. तबकड्या फुकट होत्या, पण त्या आणण्याचे भाडे होते सुमारे ७०० पौंड, आणि ते परकीय चलनात भरावयाचे. देशात परकीय चलनाची चणचण असलेले ते दिवस. पत्रव्यवहार लांबत गेला. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसास येथे कोणाला दोष द्यावा असे वाटत नाही. धान्य व यंत्रे बाहेरून आणणाऱ्या देशात ७०० पौंडांवर सही करताना कोणाचाही हात अडखळला असता. परंतु तरुण माणसाचे वय फायलीसाठी थांबत नाही. १९५६ साली स्वरूप अमेरिकेस गेले; आधी टेक्सासमधील वेधशाळेत व नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात. तबकड्या अखेरीस दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांना रांगेत उभे करणारा माणूस साता समुद्रापलीकडे होता. पुसाच्या आवारात त्या वापराविना पडून राहिल्या. आमच्या स्वतःच्या नोकरीतही एका कचेरीच्या भांडारात वर्षानुवर्षे न उघडलेले एक उपकरण आम्ही पाहिले आहे. दरसाल त्याची नोंदवहीत मोजणी होई, सही होई आणि पुन्हा कुलूप लागे. त्यामुळे त्या ३२ तबकड्यांचे एकाकीपण आम्हांस कल्पनेने ताडावे लागत नाही.

१९६१ साली अमेरिकेत बर्कले येथे खगोलशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. तेथे परदेशांत विखुरलेले चार भारतीय रेडिओ-खगोलज्ञ एकत्र आले. ते म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू व टी. कृष्णन. चौघांनी मिळून भारतातील निरनिराळ्या संस्थांना लिहिले, की आम्ही परत येण्यास तयार आहोत, आम्हांस काम करू द्या. कृष्णन त्याच वर्षीच्या जूनमध्ये दिल्लीत निवर्तले होते. आपल्या संकल्पाची ही पालवी त्यांना पाहता आली नाही. सर्वांत तत्पर प्रतिसाद आला तो मुंबईहून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांच्याकडून. १९६२ च्या जानेवारीत त्यांची तार गेली आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये स्वरूप मुंबईस रुजू झाले. रुजू होताच त्यांना आठवण झाली ती पुसात पडून असलेल्या आपल्या जुन्या सोबत्यांची. प्रयोगशाळेने तबकड्या मुंबईच्या संस्थेकडे सोपविल्या व दिल्लीतील त्यांचा मुक्काम संपला.

१९६५ साली कल्याण येथे त्या उभ्या राहिल्या. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम दिशेस ६३० मीटर लांबीच्या रांगेत आणि आठ दक्षिणोत्तर २५६ मीटरांच्या रांगेत. कल्याण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वेचे जंक्शन व लोकलमधील खेचाखेच उभी राहते. त्याच गावाच्या परिसरात, सिडनीहून दिल्लीमार्गे आलेली ही रांग सूर्याच्या बाह्य प्रभामंडलाचे वेध घेऊ लागली. एका देशाने टाकाऊ ठरविलेली वस्तू दुसऱ्या देशाच्या विद्येचा श्रीगणेशा ठरली.

योगायोग असा, की त्याच १९६५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथून दोन शास्त्रज्ञांनी एक वेगळीच वार्ता दिली. पेन्झिआस व विल्सन हे शिंगाच्या आकाराच्या एका अँटेनावर काम करीत असता, त्यांना सर्व दिशांकडून, रात्रंदिवस, सारखीच मंद खरखर ऐकू येई. यंत्रात दोष असावा म्हणून त्यांनी अँटेनात घरटे केलेली कबुतरे हाकलली, त्यांची घाण स्वच्छ केली. खरखर जाईना. ती यंत्रातील नव्हतीच. ती विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींची होती. त्यांस शास्त्रज्ञ पार्श्वप्रारण म्हणतात. आज त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या केवळ २·७ अंश वर आहे. विश्व प्रारंभी अतितप्त व घन होते आणि सुमारे १३८० कोटी वर्षांपासून प्रसरण पावत निवत आले आहे, असे मानले तर या लहरी म्हणजे त्या आदिम उष्णतेची विझत आलेली ऊब ठरते. विश्व सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षांचे असताना त्या मोकळ्या झाल्या. यापेक्षा जुना प्रकाश पाहणे शक्य नाही.

आता नारळीकरांकडे वळू. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हे १९४८ साली मांडल्या गेलेल्या स्थिर स्थिती सिद्धांताचे एक जनक. त्या मतानुसार विश्वाला आरंभ नाही व अंतही नाही; ते प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याचे स्वरूप सदैव तेच राहते. आरंभच नसेल तर आरंभीची ऊब कोठून येणार? पार्श्वप्रारणाचा शोध हा या सिद्धांतावरील मोठाच आघात होता. हॉईल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे तरुण नारळीकर १९६४ साली जगभर गाजले आणि १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण झाले. म्हणजे कीर्तीचा कळस आणि मुळावरचा घाव जवळजवळ एकाच वेळी आला.

कथेचा कस येथे लागतो. कल्याणनंतर स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊटीजवळ ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण डोंगराच्या नेमक्या उतारावर बांधली; १९७० साली ती काम करू लागली. दूरच्या रेडिओ-स्रोतांआड चंद्र येतो तो क्षण टिपून त्या स्रोतांचा आकार मोजावयाचा, आणि विश्व पूर्वी आजच्यासारखेच होते की निराळे होते याचा निवाडा करावयाचा, असा तिचा हेतू होता. १९७२ साली नारळीकर केंब्रिज सोडून भारतात परतले ते कोठे? त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत! आणि १९७५ मध्ये स्वरूप व विजय कपाही यांनी ऊटीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते असे, की दूरचे, म्हणजेच प्राचीन काळचे, स्रोत आजच्यापेक्षा वेगळे होते. विश्व बदलत आले आहे. एकाच संस्थेतील वेध तिच्यातीलच नामवंत सिद्धांतीच्या मताविरुद्ध गेले. पुढे या दोघांचीही मोठी कार्ये पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात शेजारी-शेजारी रुजली. एकीकडे स्वरूप यांचे रेडिओ-खगोलभौतिकी केंद्र, ज्याने नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची विराट दुर्बीण उभारली. दुसरीकडे नारळीकरांनी १९८८ साली स्थापन केलेले आयुका. आयुकात तरुण सौरदीप यांच्यासारख्या संशोधकांनी पार्श्वप्रारणाचा अभ्यास चालविला, तो महास्फोटाचे चित्र गृहीत धरूनच. संस्थापकाचे मत हा त्या संस्थेचा कुंपणभिंतीचा दगड झाला नाही.

स्वतः नारळीकर मात्र हटले नाहीत. १९९३ साली हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या सिद्धांताची सुधारित मांडणी केली. पार्श्वप्रारण ही आरंभीची ऊब नसून ताऱ्यांचाच प्रकाश आहे, आणि अवकाशात विखुरलेल्या धातूच्या सुईसारख्या कणांनी, म्हणजे एका प्रकारच्या धुळीने, तो शोषून सूक्ष्मलहरींच्या रूपात परत सोडला आहे, असे ते म्हणत. हे मत बहुतेकांनी स्वीकारले नाही. तरीही प्रश्न उरतोच, की या लहरी खरोखर आदिम आहेत, की वाटेत कोणी मिसळल्या आहेत, हे ओळखावे कसे?

याचे एक साधन म्हणजे ध्रुवीकरण. दिल्लीकरांनी हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांत पुष्कळ वाचला असेल. येथे त्याचा अर्थ निराळा आहे. पावसाने भिजलेल्या रस्त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची कंपने बव्हंशी एकाच दिशेत होतात. म्हणून विशिष्ट काळ्या चष्म्यातून पाहिले असता झगझगाट कमी होतो. तद्वत आदिम विश्वात मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आपटून अखेरचे विखुरताना या लहरींनाही किंचित दिशा लाभली असली पाहिजे. ती किती, हे महास्फोटाच्या चित्रावरून आधीच वर्तविता येत होते. परंतु हा ठसा अंशाच्या काही दशलक्षांश भागाएवढा क्षीण. त्यातून हवेतील बाष्प सूक्ष्मलहरी शोषते व स्वतःही सोडते. श्रावणातील दिल्लीच्या हवेत हा वेध घेणे म्हणजे बँडबाजाच्या वरातीत मुंगीची चाहूल घेणे होय. म्हणून या दुर्बिणी अत्यंत उंच, थंड व कोरड्या जागी, दक्षिण ध्रुवावर आणि चिली देशातील अटाकामा वाळवंटात पाच हजार मीटरांहून उंच पर्वतावर, उभारल्या जातात.

२००२ साली दक्षिण ध्रुवावरील दासी नावाच्या दुर्बिणीने हे ध्रुवीकरण प्रथम टिपले, आणि ते वर्तविल्याप्रमाणेच निघाले. ही दुर्बीण कशी होती? एका चौकटीवर बसविलेल्या तेरा लहान ग्राहकांचा, संकेत जुळवून काम करणारा संच! पॉट्स हिल व कल्याण येथील रांगेचेच तत्त्व तेथे पृथ्वीच्या टोकावर राबत होते. हे वाचले तेव्हा, एखादे दूरचे नातेवाईक परगावी अवचित भेटावेत, तसे आम्हांस वाटले.

तथापि धूळ आपला हिशेब चुकता करून घेतेच. २०१४ च्या १७ मार्च रोजी ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या चमूने जाहीर केले, की ध्रुवीकरणात भोवऱ्यासारखा एक पीळ सापडला असून तो विश्वाच्या पहिल्या क्षणीच्या गुरुत्वीय तरंगांचा असावा. जगभर जयजयकार झाला. पुढे प्लांक उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून पाहता २०१५ च्या आरंभी स्पष्ट झाले, की तो संकेत मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीमुळे आलेला होता. दर उन्हाळ्यात राजस्थानकडून येणाऱ्या आंधीत समोरची इमारत हरवलेली पाहणाऱ्या दिल्लीकरास याचे नवल वाटू नये. त्या चमूने आपल्या चुकीच्या तपासणीत स्वतः भाग घेतला, हे नोंदवण्यासारखे आहे. तो पीळ अद्याप सापडलेला नाही. शोध चालू आहे. चिलीत सायमन्स वेधशाळेच्या नव्या दुर्बिणी त्यासाठीच आहेत, आणि तिबेटच्या पठारावर नगारी येथे चीननेही अशी दुर्बीण उभारली आहे. त्याच जातीचे उंच, कोरडे आकाश आपल्या लडाखमध्ये हानले येथे ४५०० मीटरांवर आहे. तेथे दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण २००० सालापासून वेध घेते, आणि तेथील हवा सूक्ष्मलहरींना कितपत पारदर्शक आहे याची मोजमापेही या शतकाच्या आरंभी झाली आहेत. पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणासाठी तेथे आपली दुर्बीण उभारण्याचा दिवस येईल तेव्हा कोठल्या तरी टेबलावर एक फाईल येईल. त्या टेबलामागे बसणाऱ्या आमच्या कुणा बंधूने अथवा भगिनीने पुसाच्या ३२ तबकड्यांचे स्मरण ठेवावे, एवढी आमची विनंती आहे.

आता त्या मुलीला दिलेला शब्द पुरा करू. बेटी, पुरावा नारळीकरांच्या मताविरुद्ध गेला. तुझे पुस्तक बरोबर आहे. हे त्यांच्या शोकसभेतही मोकळेपणाने म्हणता आले पाहिजे होते, कारण ज्या माणसाने आयुष्यभर सर्वमान्य मताला पुराव्याची मागणी केली, त्याच्याविषयी पुरावा लपवून बोलणे हा त्याचा सन्मान नव्हे. पण ऊटीच्या दुर्बिणीला उत्तर शोधण्याजोगा प्रश्न मिळाला, तो अशा विरोधकांमुळेच. वाद घालणारा कोणी नसता, तर मोजण्याचे कष्ट कोणी घेतले असते? स्वरूप २०२० च्या सप्टेंबरात पुण्यातच निवर्तले. दोघांनीही अखेरचा श्वास एकाच शहरात घेतला, आणि दोघांच्याही संस्था आजही एकमेकींच्या शेजारी आहेत.

परवा कचेरीतून परतताना आमची बस पुसापाशी सिग्नलला थांबली. कुंपणापलीकडे झाडांखेरीज काही दिसत नव्हते. बत्तीस तबकड्या नेमक्या कोठे पडून होत्या, ते आम्हांस दाखविता येणार नाही. मंडळाच्या पुढील सहलीत त्या मुलीस हा रस्ता मात्र आम्ही अवश्य दाखविणार आहोत.